सगळे बाहेर आले का

शशिकांतला कुलपांचं वेड आहे असं उल्का म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात त्याचं कामच ते. कुठल्याही यंत्रात माणूस शिरण्याआधी ते बंद करायचं, त्याला आपलं लाल कुलूप घालायचं, वर स्वतःचा फोटो आणि नाव असलेला टॅग लटकवायचा, आणि मग चालू करायचं बटण दाबून बघायचं. ही शेवटची पायरी त्याच्या लेखी सगळ्यांत मोठी. दाबून पाहिल्याशिवाय बंद यंत्र बंद आहे असं तो मानत नसे. घरी तीच तऱ्हा. दार लावलं की ढकलून बघायचा, गाडीत बसलं की प्रत्येकाचा पट्टा ओढून बघायचा. लग्नात ह्यांनी मंगळसूत्रसुद्धा ओढून पाहिलं होतं, असं उल्का चारचौघांत सांगायची आणि तो गालातल्या गालात हसायचा.

जवळच्या अल खोर गावी ते फजल नावाच्या म्हाताऱ्या कतारी माणसाच्या घरात वरच्या मजल्यावर राहत. फजल खाली एकटाच. त्याच्या मजलिशीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीवर वडिलांची जुनी दुनळी बंदूक टांगलेली होती. शशिकांतची मुलगी नुपूर दुसरीत होती. शाळेतून आली की ती खाली जाई, खजूर खाई आणि बंदुकीखालच्या गादीवर बसून बडबडत राही. उल्काला वाटायचं, म्हाताऱ्याशी बोलत असेल. एकदा ती बोलवायला गेली, तर फजल आतल्या खोलीत घोरत होता आणि नुपूर समोरच्या रिकाम्या गादीला आपली रंगपेटी दाखवत होती. त्या गादीपुढं तिनं बशीत एक खजूर ठेवला होता. मुलीला उठवून निघताना उल्कानं बशी उचलली, तर तिच्यात नुसती बी होती. नुपूरनंच खाल्ला असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. ते काही तिला पटलं नाही.

त्याच सुमारास गावाच्या परिषदेत एक प्रस्ताव आला. घराघरांत टांगलेली प्रत्येक बंदूक, मग ती शोभेची का असेना, एकतर जमा करायची, नाहीतर कुलूपबंद ठेवून एका माणसानं तिची जबाबदारी नावानिशी घ्यायची. म्हातारी मंडळी बिथरली. आजोबांची आठवण कुलपात कशी घालायची, असा त्यांचा सवाल. प्रस्तावावर मत द्यायचा अधिकार आपल्या लोकांना नाहीच, पण उल्काला तेवढंच निमित्त पुरलं. बंदूक त्या भिंतीवरून हलली नाही तर आपण घर बदलू, नाहीतर मी नुपूरला घेऊन नाशिकला जाते, असं तिनं शशिकांतला निक्षून सांगितलं. ती नुसतं बोलणारी बाई नव्हती. तिकिटांचे दर तिनं बघूनही ठेवले होते.

शशिकांत खाली गेला आणि बंदूक देऊन टाका म्हणून फजलला विनवू लागला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. भारतीय कामगारांकडून शिकलेल्या मोडक्या हिंदीत त्यानं एवढंच विचारलं, "ये गया तो वो किधर रहेगा?"

वडिलांची आठवण काढत असेल, असं शशिकांतला वाटलं. मग त्यानं मधला मार्ग काढला. जमा करायची नसेल तर मी कुलूप घालतो, म्हणाला. परक्या देशात बंदुकीला हात लावू नका, असं उल्का कानीकपाळी ओरडत होती, पण कुलपाचं नाव निघालं की हा गडी कुणाचं ऐकतो! दुसऱ्या दिवशी दुपारी तो आपल्या पेटीतलं लाल कुलूप आणि फोटोचा टॅग घेऊन गेला. नुपूर नेहमीच्या गादीवर चित्र काढत होती. त्यानं बंदूक उतरवली, मधल्या बिजागरीत उघडून दोन्ही नळ्या फजलला दाखवल्या. आरपार उजेड दिसत होता. बंदूक मिटून त्यानं चापाच्या कड्यातून कुलूप घातलं, टॅग लटकवला आणि सवयीनं चापाकडं बोट नेलं.

फजलनं त्याचं मनगट धरलं. त्या म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"कोशिश मत करो," तो म्हणाला. "हम ने भी कोशिश किया था."

तेवढ्यात अजान झाली आणि फजल मशिदीकडं निघाला. जाताना त्यानं दारातून एकदा वळून पाहिलं.

शहाण्या माणसानं बंदूक खुंटीवर ठेवली असती. पण शशिकांतच्या दृष्टीनं काम अर्धवट राहिलं होतं, आणि ओढून न पाहिलेलं कुलूप त्याच्या डोक्यात खिळ्यासारखं रुतून बसलं. त्यानं नळी समोरच्या रिकाम्या गादीमागच्या बाहेरच्या भिंतीकडं केली आणि चाप ओढला. चापामागं कुलपाची जाड दांडी होती, तो हलायलाच नको होता. तो लोण्यात सुरी जावी तसा मागं आला. खट्ट झालं, एवढंच.

जिन्यावरून उल्का अनवाणी धावत आली. तिचे हात कणकेनं भरले होते. कुणी उडवली, कुठं लागली, असं विचारत तिनं नुपूरला कवटाळलं. बार वरपर्यंत ऐकू आला होता, भांडी हादरली होती. शशिकांतनं फक्त खट्ट ऐकलं होतं. मात्र खोलीत बंदुकीच्या दारूचा जळका वास होता, आणि कुलूप जसंच्या तसं बंद होतं.

नुपूर आईच्या खांद्यावरून समोरच्या गादीकडं बघत होती. ती रडत नव्हती.

"बाबा, ही फेल डाउन," ती शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली. "अगेन."

शशिकांतनं बंदूक खाली ठेवली. आयुष्यभर माणसं वाचवण्यासाठी जे केलं, त्याच सवयीनं आज आपण काय केलं, हे त्याला कळेना, आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली.

फजल परतला तेव्हा तिघंही तिथंच होते. वास येताच तो दारातच खाली बसला आणि हळूहळू बोलू लागला. सालेम त्याचा धाकटा भाऊ. वडील म्हणाले होते, बंदूक रिकामी आहे. रिकामी आहे ना, बघू या, म्हणून फजलनं चाप ओढला होता, आणि सालेम ह्याच भिंतीपाशी बसला होता. तेव्हापासून तो इथून कुठं गेलाच नाही. फजलला तो कधी दिसला नाही, फक्त घरात असल्याचं कळायचं, आणि म्हणून फजल एक रात्रही दुसरीकडं राहिला नव्हता.

मग त्यानं शशिकांतला विचारलं, तुमच्याकडं हे कुलूप काढतात कसं?

शशिकांतनं सांगितलं. ज्यानं घातलं त्यानंच काढायचं. त्याआधी आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारायची. सगळे बाहेर आल्याशिवाय, साहेबाचा फोन आला तरी काढायचं नाही.

फजलनं कुलपावरचा टॅग उलटून पाहिला. मग म्हणाला, बंदूक परिषदेला देतो. पण कुलूप तिथं काढायचं आणि मुलीलाही आणायचं. मला तो दिसत नाही, तिला दिसतो. उल्का नको नको म्हणत होती. शेवटी म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघून तिचंच मन द्रवलं.

परिषदेच्या हॉलमध्ये लांब टेबलावर जमा झालेल्या बंदुका मांडल्या होत्या. तिथल्या अधिकाऱ्यानं कुलूप काढायला सांगितलं. शशिकांतनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. चार अनोळखी माणसांपुढं त्याला संकोच वाटत होता, तरी त्यानं विचारलं, "सगळे बाहेर आले का?"

फजलनं हाक मारली, "सालेम."

अधिकारी एकमेकांकडं बघू लागले. नुपूर टेबलाशी गेली आणि तिनं हात पुढं केला.

"यल्ला, चल," ती म्हणाली. मग बोटं मिटली, एका वेळी एक, कुणाचा तरी हात धरावा तशी. "ओके बाबा. ही इज आउट."

शशिकांतनं किल्ली फिरवली. फजल चेहरा झाकून रडला. नंतर तो अधिकाऱ्यांबरोबर कहवा प्यायला थांबला. आज त्याला घरी जायची घाई नव्हती.

हे तिघं गाडीकडं आले. मागच्या सीटवर नुपूर नेहमी मधोमध बसायची. आज ती दार उघडून जरा थांबली आणि मग चढून कडेला सरकून बसली. उल्कानं ते पाहिलं आणि शशिकांतचा दंड घट्ट धरला. त्यानं सवयीप्रमाणे मागं वाकून नुपूरचा पट्टा ओढून पाहिला.

शेजारच्या रिकाम्या जागेवरही पट्टा लागलेला होता. तो ओढून पाहायचा शशिकांतला धीर झाला नाही.