यादीबाहेरचा फोन

नवीने हेडफोनचा माइक तोंडाजवळ ओढला, घसा खाकरला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

"नमस्कार मॅडम. शाळेतून बोलतोय. नवीन इंटरनेट जोडलंय, पण सुरू होत नाही. सकाळपासून माझा हा तिसरा फोन."

नवीने आवाज लगेच ओळखला. हाच आवाज सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला होता, "सूनबाई, चहात साखर घालायची राहिली." अण्णा होते ते, तिचे सासरे.

आणि नेमके आजच शेजारी साहेब बसले होते, दुसरा हेडफोन कानाला लावून. फोन लांबला की टेबलावर पेन आपटायची त्यांना सवय होती, म्हणून पाठीमागे सगळ्या त्यांना 'घड्याळ' म्हणत. नवीची उमेदवारी संपत आली होती. आजच्या फोनला ग्राहकाने दहापैकी नऊ किंवा दहा गुण दिले तर ती कायम होणार होती. नऊच्या खाली आले की पुन्हा तीन महिने उमेदवारी, पुन्हा सगळ्यांच्या तोंडी 'नवी'च.

अण्णांचे आधीचे दोन्ही फोन पलीकडच्या खुर्चीतल्या ताईने घेतले होते. ताई नकला झकास करायची. घरचं इंटरनेट बंद पडलं की अण्णा फोन करायचे, आणि मग जेवणाच्या सुट्टीत ताई हात हलवत म्हणायची, "अहो मॅडम, माझ्याकडे ते स्टार्टचं बटणच नाही, तर दाबू काय?" सगळ्या पोट धरून हसायच्या. नवीही हसायची, डब्यात तोंड घालून. ते हट्टी आजोबा माझ्या घरचे, असं सांगायला तिची जीभ कधी रेटली नव्हती.

अण्णांनीही घरी तिच्यापाशी कधी शब्द काढला नव्हता. वशिला हा शब्दच त्यांना सहन होत नसे. "नोकरी तुझी, तक्रार माझी. दोन्हीची गाठ मारायची नाही," एवढं एकदा म्हणाले, विषय संपला.

"सर, कॉम्प्युटरवर सिस्टीम कोणती आहे?" तिने विचारलं. न विचारता माहीत होतं तिला. कचेऱ्यांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर अण्णांनी उन्हाळाभर घरात आणून मांडले होते. पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक उघडून, पुसून, जोडून, त्यावर आपली ती फुकट मिळणारी, स्टार्टचं बटण नसलेली सिस्टीम घालून त्यांनी ते शाळेला दिले होते.

अण्णांनी सिस्टीमचं नाव सांगितलं. साहेबांनी लगेच समोरच्या कागदावरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'क्षमस्व, ही सिस्टीम आमच्या यादीत नाही.' कंपनीचा जोडणीचा प्रोग्राम एकाच सिस्टीमवर चालायचा, बाकीच्यांना गोड बोलून वाटेला लावायचं. ओळ वाचली की सुटली असती ती.

फोनमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पोरांचा कलकलाट होता. मग एक बाईमाणूस, शाळेच्या बाईच असाव्यात, म्हणालं, "अण्णा, राहू द्या आता. त्यांना नाही जमत म्हणतायत ना? हे कॉम्प्युटर न्यायला तो भंगारवाला केव्हाचा खाली थांबलाय. मी तरी त्याला किती वेळ थांबवू?"

"जमेल, बाई," अण्णा म्हणाले. "जरा थांबा."

या 'जमेल'ने नवीला धरलं. लग्न होऊन आली तेव्हा ती कॉम्प्युटरला हात लावायला घाबरायची. अण्णांनी खुर्ची ओढून तिला बसवलं होतं. "जमेल. बिघडलं तर बिघडलं. यंत्रच आहे, रुसून माहेरी थोडंच जाणार आहे?" आज या खोलीत ती जे काही म्हणून जाणत होती, ते त्या खुर्चीत शिकलेलं होतं.

"सर," ती म्हणाली, "आपण जोडणीचा डबा, म्हणजे राउटर, बसवलाय ना, त्याच्या सेटिंगचं पान उघडता येतंय का?"

"ते उघडून केव्हाचा बसलोय, मॅडम. तो नाव आणि पासवर्ड मागतोय. तेवढंच कुणी देत नाही."

साहेबांनी हात लांब करून तिचा माइक बंद केला. "काय चाललंय? यादीत नाहीये ती. ठेव फोन."

"साहेब, आपला प्रोग्राम तरी दुसरं काय करतो? डब्याला नाव आणि पासवर्डच पोचवतो. नाव त्यांच्या शाळेचं, पैसे त्यांनी भरलेत. डब्याला काय कळतंय, कोणाची सिस्टीम कुठली ते?"

"यादी सोडून चाललीयस." साहेबांनी तिच्या गुणपत्रिकेवर दोन फुल्या मारल्या. "आता माझ्या हातात काही नाही, त्यांनी नऊ दिले तरच वाचशील. बघ बाई."

नवीने फुल्यांकडे पाहिलं आणि माइक चालू केला. रीतसर नोंदणी क्रमांक विचारला, नोंदलेला फोन नंबर विचारला. अण्णांनी परीक्षेतल्यासारखी खणखणीत उत्तरं दिली. मग तिने नाव सांगितलं, पासवर्ड सांगितला. "पी, पेनमधला. टी, टेबलमधला. मग सात. मग आर." कोणती खूण काढायची, कोणती घालायची, एका दमात सांगून टाकलं. अण्णा पुटपुटत एका बोटाने टाइप करत होते. एकदा चुकलं. परत केलं.

मग पलीकडे एकदम पोरं ओरडली. त्या ओरडण्यात बाईंचाही आवाज होता.

"सगळे चालू झाले, मॅडम," अण्णा म्हणाले. "एकूण एक." मग म्हणाले, "फार उपकार झाले तुमचे."

साहेबांनी पेनाने कागदावरच्या शेवटच्या ओळीकडे खूण केली.

"सर, आमच्या सेवेला आपण दहापैकी किती गुण द्याल?"

अण्णांनी आधी पोरांना गप्प केलं.

"गुण मला देता येणार नाहीत, मॅडम."

"का? काही चुकलं का माझं?"

"छे छे. पण मी दिले तर तो पक्षपात होईल. तुम्ही असं करा, बाईंना विचारा. मी फोन त्यांच्याकडे देतो."

साहेबांनी 'काय विक्षिप्त माणूस आहे' असा चेहरा केला. पलीकडच्या खुर्चीतून ताईने ओळखीचं हसून डोळा मारला. बाईंनी हसत हसत दहा दिले असते. काम झालं असतं, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

नवीची मान ताठ झाली.

"फोन देऊ नका, अण्णा," ती म्हणाली, चांगली मोठ्याने, ताईला ऐकू जाईल अशी. "करा पक्षपात. तुमच्या सुनेला तुम्ही द्या गुण."

ताईचं हसू ओठावरच राहिलं. साहेबांनी हेडफोन कानावर दाबून धरला. पलीकडे अण्णांनी फोन तोंडापासून लांब केला असावा, कारण आवाज दुरून आला. "ऐकलंत ना, बाई? ही आमची सून. या सगळ्यातलं तिला येतं. सगळं येतं."

मग ते फोनवर परत आले आणि विचार करू लागले. अण्णा कशाचाही विचार केल्याशिवाय बोलत नसत.

"आठ," ते म्हणाले. "पासवर्ड घाईघाईत सांगितलास."

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि तिच्याकडे पाहिलं. वाईट वाटलं असावं त्यांनाही. नवीच्या मात्र डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि ती हसत होती. सासूबाईंच्या हातच्या जेवणालाही अण्णांनी उभ्या जन्मात सहाच्या वर गुण दिले नव्हते.

"आठ, साहेब," ती म्हणाली. "स्पष्ट लिहा."