पहिला वाटा

खाडीच्या तोंडाशी मासळी अंडी घालायला येते, म्हणून त्या दिवसांत तिथे जाळं टाकायचं नाही, असं सगळ्या कोळ्यांनी हात वर करून ठरवलं होतं. टाकेल त्याचं जाळं जप्त आणि होडी हंगामभर काठावर. पण राखायला कोण जाणार म्हटल्यावर वर गेलेले हात पटापट खाली आले. उरला तो दोघा भावांतला थोरला. गुडघे गेल्यामुळे त्याने मासेमारी सोडली होती, पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायची खोड काही सुटली नव्हती.

तेव्हापासून तो रोज काठाकाठाने फेऱ्या मारी. सापडायचं कोणीच नाही. लोक समोर गोड बोलत आणि पाठ वळली की 'आले समुद्राचे मालक' म्हणत. आताशा त्याला राग यायचासुद्धा कंटाळा आला होता.

त्या दुपारी तो घरी आला, तर बायको विळीवर मासे कापत बसलेली. माशांची पोटं अंड्यांच्या गाभोळीने टच्च.

"हे कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? भाऊजींकडून. जाऊ डबा ठेवून गेली." बोलता बोलता तिचा हात थांबला. "अगं बाई!"

वडील गेल्यापासून धाकट्याच्या होडीतला पहिला वाटा थोरल्याकडे यायचा. चोरीच्या मासळीतलाही त्याने सवयीने पाठवला होता! गाढवाला चोरीसुद्धा धड जमत नाही. थोरल्याला हसू आलं आणि पाठोपाठ गलबलून आलं.

"खाऊन टाकू," बायको हळूच म्हणाली. "कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

धाकट्याचं घर त्या होडीवर चालायचं. पण कुंपणानेच शेत खाल्लं, तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने अडवायचं?

डबा धुऊन तो धाकट्याच्या अंगणात गेला. धाकटा जाळं वाळत घालत होता. डबा बघून त्याचा चेहरा उतरला.

"दादा, तुझ्याकडे पाठवलंच नसतं तर?"

"तर मला कळलं नसतं."

"म्हणजे चुकलं ते तेवढंच."

थोरला वाकून जाळं गोळा करू लागला. भिजलेलं जाळं त्याला एकट्याला उचलेना. धाकट्याने थोडा वेळ बघितलं, मग एक शिवी हासडून दुसरं टोक धरलं. दोघांनी ते धक्क्यावर नेऊन सगळ्या कोळ्यांसमोर टाकलं, आणि धाकट्याची होडी हंगामभर काठावर राहिली.

पुढच्या हंगामात होड्या भरून आल्या. इतकी मासळी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती, असं जो तो म्हणत होता. धाकट्याची होडीही भरून आली. बायकोने विळी धुऊन ठेवली आणि संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसली.

शेवटी थोरला पिशवी घेऊन उठला आणि जन्मात पहिल्यांदा बाजारातून मासे विकत घेऊन आला.