मोहाच्या ढेपीचं पोतं

सकाळपासून आमच्या बोडीच्या, मासोळ्यांच्या तळ्याच्या, पाण्यावर बगळे उतरत होते. एवढे बगळे मी तिथं कधी पाहिले नव्हते.

आमच्या घरात काही वाया जात नाही, हा माझ्या सासऱ्यांचा, नानाजींचा तोरा. त्या तोऱ्यानं माझं डोकं उठतं. धानाचा कोंडा मासोळ्यांना, मासोळ्यांची घाण वांग्यांना. उन्हाळ्यात मासोळ्यांचं नवं बीज सोडण्याआधी मी बोडीत मोहाची ढेप, तेल काढून उरलेली पेंड, टाकली होती. तिच्या विषानं बीज खाणारे जुने मासे मरतात आणि पुढं तिचंच खत होतं. उरलेलं पोतं धानाच्या बांधीत टाकायला कोठ्यात ठेवलं. नानाजी तेव्हा सावली गावी लेकीकडे होते. त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

आज कोठ्यात पोतं नव्हतं. मी बोडीकडे पळत सुटले.

नानाजी पाळीवर बसले होते. रिकामं पोतं नीट घडी करून मांडीवर ठेवलेलं. पाण्यावर शेकडो तोंडं उघडझाप करत होती.

"नानाजी, काय टाकलं तुम्ही?"

"ढेप! पडून पडून वायाच गेली असती," ते हसले. "पाय, कशा वर आल्या साऱ्या! किती दिवस उपाशी ठेवलं वो तू त्याईले?"