बस म्हणणारी

माझी बायको अमिना गेल्यावर मी बरेच महिने चाक सुरू केलं नाही.

वणीला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये काच कापायचं चाक आहे. तरुणपणी मी फिरोजाबादला हे काम शिकलो आणि परत आलो. तिकडून जाड, साध्या फुलदाण्या गवतात बांधून येतात. मी त्यांच्यावर खाचा पाडतो, मग पॉलिश होतं, आणि नागपूरच्या एका दुकानात त्या काचेच्या महागड्या वस्तूंमध्ये जाऊन बसतात. लोकांना वाटतं हे नजरेचं काम आहे. नजर तर हवीच. पण खाचेखाली काच किती उरली ते कानाला कळतं. जाड काच चाकावर घरघरते. पातळ होऊ लागली की बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. तेव्हा हात उचलायचा.

तो आवाज मला कित्येक वर्षांपासून येत नाही. चाकाजवळ बसून कान गेले. माणसाचं बोलणं ऐकू येतं, शिट्टी येत नाही. म्हणून अमिना माझ्या उजवीकडे स्टुलावर बसायची आणि वेळ झाली की म्हणायची, "बस." मी हात उचलायचो. नक्षीही तीच आखायची, तांबड्या रंगात ब्रश बुडवून, पट्टी न लावता. शेवटची फुलदाणी तिने पूर्ण आखली आणि मग तिला कावीळ झाली.

माझा मुलगा साद राजूरला खाणीच्या गाड्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, "अब्बा, चाक विकून टाका. अम्मी नाही आता. एखाद्या दिवशी बोट जाईन तुमचं."

"तिनं आखलेली एक बाकी आहे. ती नीट उतरली तं चाक राहीन. फुटली तं तू घेऊन जाय."

"पक्कं?"

"पक्कं."

ती नीट उतरायलाच हवी होती. चाक गेलं तर सकाळी उठून मी काय करणार होतो? खाटेवर बसून तिच्या स्टुलाकडे बघत राहिलो असतो.

तमन्ना माझी सून. तिला मी जुन्या ग्लासांवर आवाज ओळखायला शिकवलं. तिचे कान तेज आहेत.

"कळलं का बेटा?"

"कळलं अब्बा. काच आधी भांडते, मंग रडते. रडू लागली का बस म्हणाचं."

त्या सकाळी मी फुलदाणी चाकावर धरली. चाक खाली फिरतं, वरून पाणी ठिबकतं, आणि काच वरून दाबून तिच्या आरपार बघत कापायचं असतं. तांबडी रेघ चाकाखाली येत होती आणि निघून जात होती. आधी शेकडो वेळा तसंच झालं होतं. त्या दिवशी मात्र बघवत नव्हतं. मी कापत होतो आणि अमिनाचा हात त्या काचेवरून पुसला जात होता. तरी वरच्या पाकळ्या चांगल्या उतरल्या. तमन्ना वेळेवर बस म्हणत होती, मी वेळेवर उचलत होतो. मला वाटलं, जमेल.

बुडाजवळची खोल खाच सुरू केली तेव्हा बिजलीबाई आली. ती पलीकडच्या तांड्यावरची. भाजी विकायला येते. अमिनाजवळ बसल्याशिवाय कधी परत गेली नाही.

"काय गनीभाऊ, झालं नाही का मडकं अजून? एवढ्या टायमात आमच्या तांड्यावर विहीर खणून होते."

"होते माय, होते," मी मान न वळवता म्हणालो.

"पाणी तरी थंड राह्यते का त्याच्यात?"

तमन्ना हसली. मग म्हणाली, "बस."

आमच्या घरात हिंदी आणि वऱ्हाडी मिसळूनच चालतं. काम थांबवायचं तरी बस, आणि दारातल्या बाईला टेकायला सांगायचं तरी बस. मला वाटलं, ती बिजलीबाईला म्हणाली. बिजलीबाईलाही तसंच वाटलं. ती दाराजवळच्या पोत्यावर बसली. डोळ्याच्या कडेने मी तिला बसताना पाहिलं आणि निर्धास्त होऊन दाबत राहिलो.

"अब्बा! बस!"

काचेतून मला दिसलं. बुडापासून एक पांढरी रेघ निघाली आणि वर काठापर्यंत धावली. फुलदाणीत पाणी शिरलं. मी उचलली तेव्हा माझ्या हातात दोन तुकडे होते. मागच्या तुकड्यावर न कापलेल्या तांबड्या रेघा तशाच होत्या.

"मी म्हटलं होतं ना अब्बा," तमन्ना रडू लागली.

"मले वाटलं तू तिले बस म्हणून राह्यली."

बिजलीबाई उठून उभी राहिली. "मी बी बसली ना बाप्पा. कायले आली मी आज!"

तिचा काही दोष नव्हता. मी तसं म्हणालोही. तिने भाजीची पाटी तिथेच ठेवली आणि तमन्नाला जवळ घेतलं.

थोड्या वेळाने तमन्ना डोळे पुसून म्हणाली, "सादले काही सांगू नका. शब्दच बदलून टाकू. मी 'उचला' म्हणीन. त्यात गडबड होत नाही." तिने एक जुना ग्लास आणून माझ्या हातात दिला. मी चाक सुरू केलं.

"उचला," ती म्हणाली.

मला स्पष्ट ऐकू आलं. हात दाबतच राहिला.

"उचला ना अब्बा!"

ग्लास हातात फुटला. अंगठ्याला थोडं लागलं. तमन्नाने ओढणीचं टोक त्यावर दाबून धरलं.

"ऐकू नाही आलं का?"

"आलं."

"मंग?"

माझा हात त्या एकाच शब्दावर उठतो. एवढ्या वर्षांत त्याला दुसरं काही माहीतच नाही.

"बरं, बसच म्हणीन," ती म्हणाली. "काम चालू असलं का दार लावून घेऊ. कोणी येणार नाही."

बिजलीबाई मान हलवत होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या, मी हो म्हणावं म्हणून. पण आता कोणी बस म्हटलं की मी आधी दाराकडे बघणार, हे मला कळलं होतं. दार लावलेलं असलं तरी बघणार. आणि तेवढ्यात काच जाते.

मी चाकाची मोटार बंद केली आणि सादला फोन लावला.

"फुटली," मी म्हणालो.

तो म्हणाला, "राहू द्या अब्बा. मी असाच बोललो होतो. राहू द्या चाक."

"नाही," मी म्हणालो. "गाडी घेऊन ये."