वाचणारा आणि दाबणारा

आमच्या घरात कॉम्प्युटरच्या सिस्टीमला एकट्याने हात लावायचा नाही, असा नियम होता. पत्र लिहायला, फोटो बघायला कुणीही खुशाल बसा. पण काही नवीन टाकायचं, जुनं काढायचं असेल तर माणसं दोन हवीत. एक वाचणारा, एक दाबणारा. वाचणाऱ्याने स्क्रीनवरचं मोठ्याने वाचायचं, दाबणाऱ्याने जागेवर हात ठेवून तेच परत म्हणायचं आणि वाचणाऱ्याने "हो" म्हटलं की मगच दाबायचं. काही खटकलं तर वाचणाऱ्याने "थांबा" म्हणायचं. हा नियम बाबांनी वीज उपकेंद्रातून घरी आणला होता. तिथे चुकीचा खटका ओढला तर लाईनवर चढलेला माणूस जिवानिशी जातो. आमच्या बाहेरच्या खोलीत कुणाचा जीव जाणार होता देव जाणे, पण चौतीस वर्षांची सवय काय निवृत्तीबरोबर सुटते?

आई होती तोवर वाचायचं काम तिचं. ती गेल्यावर ते माझ्या गळ्यात पडलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जायची, अपडेट आलेलं असेल ते वाचायची आणि बाबा दाबायचे. खरं सांगते, मला वैताग यायचा. पाच मिनिटांच्या कामाला दोन तास लागायचे, वर पुन्हा "घाईत वाचतेस तू" हे ऐकून घ्यायचं.

यंदा ती सिस्टीमच म्हातारी झाली. तिच्यासाठी अपडेट येणं बंद झालं आणि तिची नवी आवृत्ती बाबांच्या जुन्या मशीनला पेलवेना. दादा म्हणाला, "भंगारात द्या तो डबा, तुम्हाला टॅब आणतो." आणि त्याच दमात, "आता तुम्ही आमच्याकडेच चला, बाबा."

दादा चुकीचं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. दोन महिन्यांत दोनदा गॅसवर दूध जळून पातेलं कोळसा झालं होतं. एका संध्याकाळी बाबा शेजारच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या कुलपात अर्धा तास किल्ली फिरवत उभे होते. त्या घरातल्या बाईंनी त्यांना हाताला धरून आणून सोडलं.

बाबांनी दादाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याच मशीनवर मी नवी सिस्टीम बसवतो. तुमच्या दोघांसमोर. नीट बसवली तर मी इथेच राहणार, पुन्हा हा विषय काढायचा नाही. चुकलो तर सामान बांधा."

"ठरलं," दादा म्हणाला.

मला दोघांचाही राग आला. माणसाने कुठे राहायचं हे असं पैज लावून ठरवतात का?

बाबांनी पुढचे दोन आठवडे निवडीत घातले. फुकट मिळणाऱ्या तीन सिस्टीम त्यांनी पेन ड्राइव्हवर घेतल्या आणि मशीनवर न बसवता नुसत्या चालवून पाहिल्या. पहिलीला प्रिंटर ओळखता येईना. दुसरीची अक्षरं मुंगीएवढी. तिसरी साधी, बिननखऱ्याची, आणि मराठी टायपिंग पहिल्या फटक्यात जमलेली. "हीच आपल्या घरात टिकेल," ते फोनवर म्हणाले, जणू स्थळ बघून आले होते. प्रिंटरची हकिगत त्यांनी मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा मी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकली आणि दादाला काही कळू दिलं नाही.

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दादा कोचावर फोनमध्ये डोकं घालून. मी वाचायला लागले. भाषा. कीबोर्ड. वेळ. बाबा प्रत्येक गोष्ट परत म्हणत होते, ठाम, जराही न अडखळता. ड्युटीवरचा तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मला वाटलं, जिंकले बाबा.

मग डिस्क निवडायची पाळी आली. मशीनमध्ये दोन होत्या. छोटीवर जुनी सिस्टीम, तिथेच नवी जायची. मोठीवर बाकी सगळं, आईचे फोटो आणि हॉस्पिटलमधल्या शेवटच्या महिन्यात बाबांनी भरून घेतलेला तिचा आवाज. त्याची नक्कल काढून ठेवलीय, असं बाबा म्हणाले होते. मी ती पाहिलेली नव्हती.

"छोटी डिस्क," मी वाचलं. "यावरचं सगळं पुसलं जाईल."

"छोटी डिस्क. यावरचं सगळं पुसलं जाईल," बाबा म्हणाले आणि माझ्या "हो"ची वाट बघत थांबले.

माउसची खूण मोठ्या डिस्कवर होती.

दादाला कोचावरून स्क्रीन दिसत नव्हती. नुसता हात पुढे करून माउस बोटभर सरकवला असता तर कुणाला काही कळलं नसतं आणि बाबा त्यांच्या घरात राहिले असते. मी पुढे वाकलेही. पण बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते, आईच्या तोंडाकडे बघायचे तसेच, आणि माझ्याकडून ते झालं नाही.

"थांबा," मी म्हणाले.

दादाने मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही रे. माझंच वाचताना चुकलं. बाबा, परत घेऊ या."

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"तिने बरोबर वाचलं," ते दादाला म्हणाले. "मी मोठी पुसायला निघालो होतो."

"अहो, पण दाबलं कुठे तुम्ही?" मी म्हणाले.

"तोंड एक म्हणत होतं, हात दुसरीकडेच होता. असा माणूस आम्ही खटक्याजवळ उभा करत नव्हतो."

दादा उठून जवळ आला. "जाऊ द्या हो, बाबा. ते आपण गमतीत बोललो होतो."

"मी गमतीत बोललो नव्हतो," बाबा म्हणाले. मग उठून त्यांनी मला आपली खुर्ची दिली. "तू दाब. मी वाचतो."

ते वाचत गेले, मी परत म्हणत गेले. छोटी डिस्क पुसली गेली आणि नवी सिस्टीम बसायला लागली. त्याला पंचवीस मिनिटं लागली. दादा एकदा उठला आणि भिंतीवरचा आईचा फोटो सरळच असताना सरळ करून आला.

शेवटी स्क्रीनवर एक चौकट आली. बाबांनी वाचलं, "हा कॉम्प्युटर कोणाचा? नाव लिहा."

मी त्यांचं नाव लिहायला घेतलं.

"माझं नको. तुझं लिही."

"बाबा, कॉम्प्युटर तुमचा आहे."

"यापुढे तो तूच सांभाळणार आहेस," ते म्हणाले. "लिही."

अक्षरं नीट दिसत नव्हती. मी माझं नाव लिहिलं, जमेल तसं मोठ्याने म्हटलं आणि बोट ठेवून थांबले.

"हो," बाबा म्हणाले.