सकाळी उघडावं

माझ्या ताईला लसणाच्या पाकळीचं टोक वर ठेवायचं की खाली, हे आजही ठाऊक नाही. आणि अर्धं गाव तिच्या सांगण्यावरून लसूण लावतं.

गेली अठरा वर्षं थंडी सुरू झाली की आमच्या साप्ताहिकात तिचं ‘थंडीची बेगमी’ हे सदर येतं. झाडांना पाणी सकाळी घाला, संध्याकाळी घातलंत तर रात्रभर मुळं गारठतात. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नका, दोन्ही लवकर नासतात. मध घट्ट झाला तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. दही लागत नसेल तर भांडं जुन्या स्वेटरात गुंडाळा. यातलं सगळं खरं आहे, कारण ते सगळं मी करून पाहिलेलं आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं मी काढली आणि घरामागची माती रोज उकरते तीही मीच. ताई शाल पांघरून खिडकीत बसते आणि विचारते, “आज काय चाललंय गं?” मी सांगते, ती लिहिते. उंटावरून शेळ्या हाकणं कुणाला बघायचं असेल तर त्याने आमच्या खिडकीखाली येऊन उभं राहावं.

ताई वाईट नाही. तिची भाषा गोड आहे. मला दोन ओळींचं पत्र लिहायचं म्हटलं तरी घाम फुटतो, त्यामुळे इतकी वर्षं मी काही बोलले नाही. पण यंदा संपादकांनी सदराचं पुस्तक काढायचं ठरवलं. मुखपृष्ठासाठी फोटोवाला आला. ताई वाफ्याजवळ बसली, हातात माझं खुरपं. ते तिने आमटीचा डाव धरावा तसं धरलं होतं. रात्री जेवताना मी म्हणाले, “ताई, पुस्तकात खाली कुठेतरी माझंही नाव घाल की.”

“बघू गं,” ती म्हणाली. “एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस!”

एवढीशीच गोष्ट आहे तर घालायला तुझं काय जातंय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते भाकरीच्या तुकड्याबरोबर गिळलं. पण मला ते नाव हवं होतं. अठरा वर्षांत मी दुसरं काही मागितलेलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात थंडीचा कडाका येणार असल्याची बातमी आली. मी वाफ्यात काठ्या रोवता रोवता खिडकीकडे बघून सांगितलं, “टोमॅटो-मिरच्या रात्री प्लास्टिकने झाकायच्या. प्लास्टिक पानांना लागू द्यायचं नाही. आणि सकाळी ऊन आलं की उघडायचं, नाहीतर आत वाफ कोंडते आणि झाड उकडून निघतं.” ताईने मान डोलावली. मला वाटलं, लिहिलं.

तिने लिहिलं होतंही. पण सदराला जागा ठरलेली, आणि शेवटी धुक्याबद्दल तिला एक फार सुंदर वाक्य सुचलं होतं. ते बसेना. मग तिने सकाळी उघडण्याचं वाक्य काढून टाकलं.

आता आमचे वाचक कसे आहेत ते सांगायला हवं. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं तर ते हसण्यावारी नेतात. ताईंच्या सदरातला शब्द मात्र खाली पडू देत नाहीत. सदरात झाका लिहिलं होतं, लोकांनी झाकलं. उघडा लिहिलं नव्हतं, कुणी उघडलं नाही. कडांवर विटा ठेवून सहा दिवस झाडं तशीच कोंडली, आणि दुपारी ऊन तर चांगलं कडक पडत होतं.

सातव्या दिवशी आमच्या गल्लीतले शिंपीदादा कुंडी घेऊन दारात उभे राहिले. आतलं रोप शिजवलेल्या पालेभाजीसारखं कुंडीच्या काठावर पडलं होतं.

“दादा, आत पाणी सुटलेलं दिसत होतं ना? वास येत होता ना?” मी विचारलं.

“येत होता की.”

“मग उघडलं का नाही?”

“म्हटलं, आपल्यापेक्षा ताईंना जास्त कळतं.”

कपाळावर हात मारायचा, तर दोन्ही हात कणकेने भरलेले होते.

दादा परत गेले तेवढ्यात संपादक आले. त्यांच्या गच्चीतल्या मिरच्याही गेल्या होत्या, त्यामुळे आवाजात नेहमीचा गोडवा नव्हता. अकरा पत्रं आली होती. “लोक विचारतायत, ताई स्वतः बाग करतात तरी का?” ते म्हणाले. “अशाने पुस्तक कसं काढायचं, तुम्हीच सांगा.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ताईने चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, परत लावला.

“त्या आठवड्याचं माझ्या बहिणीने सांगितलं होतं,” ती म्हणाली.

अठरा वर्षांत पहिल्यांदा! लसूण तिचा, कांदे तिचे, मध तिचा, दही तिचं, आणि कुजलेली झाडं तेवढी माझी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संपादक माझ्याकडे वळले, त्यांच्या नजरेत मी आत्ताच त्यांच्या मिरच्या उपटून आले होते. मी कणकेची परात आदळली, हात धुतले, खुरपं आणि कात्री उचलली आणि घराबाहेर पडले. भांडायचं ठरवलं असतं तर मी दिवसभर भांडले असते, आणि तिकडे शिंपीदादांची झाडं वाट बघत थांबणार नव्हती.

त्यांच्या अंगणात दोन वाफे आहेत. पहिल्यावरचं प्लास्टिक ओढून काढलं तसा आंबट वास आला. काळ्या पडलेल्या फांद्या कापल्या. खोडावर नखाने जरा खरवडून पाहायचं, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, त्याला आठवडाभर जास्त पाणी देऊन मारायचं नाही. नवातली सहा झाडं जिवंत निघाली. कच्चे टोमॅटो दादांना तोडायला सांगितले.

“एकेक कागदात गुंडाळा आणि पिकलेल्या केळ्याबरोबर खोक्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत लाल होतील.”

“कुठला कागद?”

“आमच्या साप्ताहिकाचा घ्या. तेवढा तरी उपयोग होऊ दे.”

दादांना हसावं की नाही कळेना. ते तसे सज्जन आहेत.

तेवढ्यात फाटक वाजलं. संपादक होते, त्यांच्या मिरच्या बघायला मी येईन का, असं बहुधा विचारायचं होतं. पण त्यांच्या मागून ताई येत होती. पायात घरातल्याच सपाता, शाल एका खांद्यावरून लोंबतेय, श्वास फुललेला. वर्षभरात ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही चालत गेली नव्हती.

“थांबा,” ती म्हणाली. “मघाशी मी अर्धंच सांगितलं.”

“ताई, बसा आधी,” दादा म्हणाले.

“बसत नाही. हिने सकाळी उघडायचं सांगितलं होतं. ते वाक्य मी काढलं. धुक्यासाठी.” तिने दम घेतला. “आणि त्या आठवड्याचंच नाही, अठरा वर्षांचं सगळं हिचं आहे. मी जन्मात एक रोप लावलेलं नाही. सदरात माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच झालंय. ही मेलेली झाडं.”

संपादकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“पुस्तक काढायचं असेल तर हिच्या नावाने काढा,” ताई म्हणाली. “नाहीतर काढू नका. माझा फोटोही नको.”

असं झालं तर काय म्हणायचं, हे मी कणीक मळताना किती वर्षं मनात घोकलं होतं! चांगली खरमरीत वाक्यं होती. त्यातलं एकही आठवेना. डोळे भरून आले, आणि या बाईसमोर रडायचं नाही म्हणून मी मान खाली घातली. तेव्हा दिसलं. ताई दुसऱ्या वाफ्यात उभी होती. त्यात दादांची कोथिंबीर नुकती कुठे वर आली होती. सदरात तिच्याबद्दल काही आलं नव्हतं, म्हणून तेवढी वाचली होती.

“ताई!” मी ओरडले. “आधी त्या कोथिंबिरीतून बाहेर ये!”

ती दचकून बाजूला झाली, ती थेट पालकावर.