दुसरा आवाज

भातकुलीच्या आमच्या शाळेत संगीत शिक्षिकेला काम एवढंच: पाहुणे आले की स्वागतगीत, पाहुणे गेले की पेटी कपाटात. सतरा वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. चाळीस मुलांनी एकच चाल बेंबीच्या देठापासून ओरडायची, त्यालाच समूहगान म्हणायचं. यंदा माझं डोकं फिरलं. अकोल्याच्या स्पर्धेसाठी मी पेरणीवर एक गाणं बांधलं, दोन आवाजांचं. वीस मुलं वरची चाल गाणार, त्याच वेळी वीस मुलं खालची, वेगळी. दोन्ही मिळून जे कानावर येतं ते मला एकदा माझ्या मुलांच्या गळ्यातून ऐकायचं होतं. बक्षीस नाही मिळालं तरी चाललं असतं.

पाच महिने लागले. खालच्या आवाजातली मुलं सारखी वरच्या चालीकडे जायची, ढोरं शेताच्या कडेच्या हिरव्या धुऱ्याकडे जातात तशी. एकटी पौर्णिमा हलायची नाही. तिच्या घरचा फुलांचा धंदा. बाजारात चारी बाजूंनी ओरडा चालू असताना आपलाच भाव सांगत राहायची तिला सवय होती. तिच्याभोवती बाकीच्यांना उभं केलं, तेव्हा कुठे जमलं.

स्पर्धेच्या तोंडावर मला मतदार यादीच्या प्रशिक्षणाला अमरावतीला बोलावलं. संगीत शिक्षिकेवाचून गाणं होऊ शकतं, निवडणूक होत नाही. तीन दिवसांचा सराव मुख्याध्यापक जानराव सरांकडे सोपवला. माणूस देवासारखा, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारा. चाली दोन आहेत हे त्यांना सांगायचं मात्र राहून गेलं. पाच महिने शेजारच्या खोलीत चाललंय, कानावर पडलंच असेल, असं मी धरून चालले.

स्पर्धेच्या दिवशी मी अमरावतीहून परस्पर अकोल्याला पोचले, तेव्हा आमचं नाव पुकारून झालं होतं. जानराव सर खुशीत होते.

"मॅडम, तुमच्या माघारी मोठा घोळ सापडला मले. अर्धे पोट्टे भलतीच चाल गाऊन राहिले होते. तीन दिवस घेऊन बसलो, सारे एका चालीवर आणले. आता तुमी निश्चिंत राहा."

मी काही बोलणार तोच पडदा सरकला. मी पेटीवर बसले. एकोणचाळीस मुलं एका चालीत गायली, शिस्तीत, दणदणीत. आणि उजव्या टोकाला पौर्णिमा खालची चाल एकटीच गात होती. लग्नसराई होती, तिन्ही दिवस ती घरी हार गुंफत बसली होती आणि त्यामुळे सुधारायची राहिली होती. तिने शेवटपर्यंत सोडलं नाही. दोन-तीन ठिकाणी एकोणचाळीसांचा आवाज जरा खाली आला, तेव्हा दोन्ही चाली मिळालेल्या मी ऐकल्या. मला रडू आलं.

पहिला नंबर आमचाच. परीक्षक म्हणाले, "एकजीव गायन. ती टोकाची एक मुलगी बेसूर होती, तेवढं सांभाळा."

मंचाच्या मागे पौर्णिमा खाली मान घालून आली. "मॅडम, माह्यामुळं मार्क गेले काय?"

सगळी मुलं ऐकत होती. कप हातात धरलेले जानराव सरही. मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "पौर्णिमा, तू एकटीच बरोबर गायलीस. बाकी सगळे चुकले."

मग जानराव सरांनी रुमालाने डोळे टिपले. "पाहा पोरांनो, चुकलेल्या लेकरालेही असा धीर द्या लागते. याले म्हणतात शिक्षक."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. "धीर देत नाहीये, खरं सांगतेय," असं मी म्हणाले, तर टाळ्या आणखी वाढल्या.

पौर्णिमा माझ्या पाया पडली. "तुमी मनाच्या मोठ्या आहात मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या साली मी साऱ्यांसारखीच गाईन."